तुळसाच्या नावाचा तवा

आमच्याकडं लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण वेळेवर लागते. हळदीपासून मांडव उतरेपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन एकेक विधी तीच पार पाडते. मानपाडा रोडच्या मागं, टॉवरांच्या मधोमध उरलेल्या आमच्या गावची धवलारीण म्हणजे तुळसा. आवाज घोगरा, जीभ तिखट. एकदा कुणाच्या घरची सुपारी घेतली की त्या दिवशी सख्ख्या भावाच्या मांडवातही ती पाय ठेवायची नाही. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला.

तिच्या सुनेनं, कल्पितानं, गंमत म्हणून सासूचे भाकरी थापतानाचे व्हिडिओ टाकले. भाकरीपेक्षा तिच्या तोंडाच्या पट्ट्यालाच बाया भुलल्या. मग ‘घरओटा’ नावाच्या कंपनीचा फोन आला. त्यांना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा खपवायचा होता. बाईनं मोबाईलवर तवा मागवताना ‘तुळसा’ असा कोड टाकायचा. बाईला थोडी सवलत, तुळसाला विक्रीतला हिस्सा.

दोघी माजिवड्याला हापिसात गेल्या. तिथला देवेश मावशी मावशी करणारा, गोड पोरगा. त्यानं लॅपटॉप फिरवून करार दाखवला.

“ता माजे सुनंला वाचू दे,” तुळसा म्हणाली. “माना सुपारी दे.”

“सुपारी?”

“खायाला नाय रे. तू दिलीस, मी घेतली, मंग तुजा काम ता माजा काम.”

देवेश हसला, पण खाली पानवाल्याकडं जाऊन सुपारी घेऊन आला. तुळसानं पदराच्या गाठीत बांधून ती घरी आणली आणि देवासमोर ठेवली. पुढं दुसऱ्या एका कंपनीनं जास्त हिस्सा देऊ केला, तर “माजी सुपारी झालीय” म्हणून तिनं फोन ठेवला.

व्हिडिओत ती बोलली, “मातीचे खापरीची सर या तव्याला नाय. पन खापरी फुटते, यो फुटाचा नाय.” पहिलं वाक्य कापा, असं देवेशचं म्हणणं. “कापशील तं सुपारी परत ने,” ही म्हणाली. वाक्य राहिलं, आणि माझ्या मते त्याच वाक्यावर तवा खपला. खोट आधी सांगणाऱ्या माणसाचं पुढचं बोलणं बाया खरं धरतात.

हळदीला जाईल तिथं बाया सांगायच्या, “तुलसाबाय, तुज्या नावानी घेतला गो तवा.” हिस्सा मात्र येईना. कल्पितानं देवेशला विचारलं. फोन स्पीकरवर होता.

“मावशी, तुमच्या कोडवर विक्रीच नाही. बायका तोंडावर बोलतात हो. आमची सिस्टीम खोटं बोलत नाही.”

इथं तुळसा चुकली. सुपारी देणाऱ्याचा शब्द खरा धरायचा, ही तिची जन्माची सवय. तो खरा, मग खोट्या कोण? बाया. आणि सगळ्यांत आधी शकू, कारण तिच्या चुलीशेजारी तो तवा तुळसा रोज बघत होती. शकू ही तिची शेजारीण आणि लहानपणापासूनची मैतरीण.

भोपरला एका घरी बाया जात्यावर हळद दळत बसल्या होत्या. तुळसानं धवल्यातच ओळ घुसवली, शकूकडं बघत:

“तवा घेतला माज्या नावाचा गो,
नाव वाटंला सांडला...”

बाया फिदीफिदी हसल्या. शकूनं जात्याचा खुंटा सोडला.

“तुलसे, मी तुजाच नाव टाकला. पोरीची आन.”

“मंग गेला कया? कावल्यानी नेला?”

शकू उठली आणि हळदीचे हात तसेच घेऊन निघून गेली.

पुढं कल्पिताच्या आईला तवा हवा झाला. कल्पिता मोबाईल घेऊन बसली, शेजारी तुळसा. कल्पितानं ‘तुळसा’ टाकलं. पैसे भरायच्या वेळी एक चौकट वर आली: थांबा, याहून जास्त सवलत हवी? कल्पिताचं बोट सवयीनं ‘हो’वर गेलं. सवलत वाढली. आणि ‘तुळसा’ होतं तिथं ‘ओटा’ आलं.

“पाठी जा,” तुळसा म्हणाली. “परत टाक.”

परत टाकलं, परत तीच चौकट.

“आई, ही कंपनीचीच चौकट हाय. तुमचा नाव काढून आपला लावतान.”

जास्त सवलत कोण सोडतं? गावोगावच्या बायांची बोटं तिथंच गेली होती. त्यांनी नाव टाकलं होतं, तेही खरं. नाव उरलं नाही, तेही खरं. तुळसानं देवासमोरची सुपारी उचलली आणि माजिवड्याचं हापिस गाठलं.

“मावशी, ती चौकट सगळ्यांनाच दिसते,” देवेश म्हणाला. “करारात आहे. शेवटचा कोड धरायचा.”

“तुना म्हाईत व्हता?”

तो लॅपटॉपकडं बघायला लागला. “ते माझ्या हातात नसतं.”

“माज्या बायांना खोट्या बोललास, ता तुज्याच तोंडात व्हता.” तिनं सुपारी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

“हिचं काय करू?”

“खा,” तुळसा म्हणाली आणि जिना उतरली.

तिथून ती थेट शकूच्या दारात. शकू भाकरी भाजत होती, त्याच तव्यावर. तुळसानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शकूनं भाकरी उलटली.

“माना खोटी म्हनून वाजवलास चारचौघींत. आनी आता हितं येऊन कानात सांगतंस.”

“चारचौघींत सांगन. आपले संचिताचे हलदीला सांगन.” संचिता म्हणजे शकूची लेक. तिचे धवले तुळसाच गाणार, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं.

“संचिताची सुपारी निलज्याचे धवलारनीला दिली मी.”

भाकरी फुगलेली बघितली आणि तुळसा गेली.

संचिताच्या हळदीला तुळसा पाहुणी म्हणून गेली. भरल्या मांडवात उभी राहून म्हणाली, “शकू खरी व्हती. खोटा मी बोलले.” शकू ताटात हळद कालवत राहिली.

मग निळज्याची धवलारीण गायला लागली. आवाज बरा होता. पण नवरीला पाटावर बसवायच्या धवल्यात ती मधेच अडली. एकेक करून सगळ्यांच्या माना तुळसाकडं वळल्या. शेवटी शकूचीही वळली.

पुढची ओळ तुळसाच्या जिभेवर होती. पण सुपारी दुसरीची होती. तिनं पाहुण्यांपुढच्या तबकातला विडा उचलला, तोंडात भरला आणि चावत बसली.