बाजेवरचं भेकर

विहिरीतून भुंकणं ऐकू येत होतं. कोरडं, खर्जातलं, प्रत्येक दोन भुंकण्यांमध्ये एक लांबलचक पोकळी ठेवणारं… वैशाखातल्या त्या सकाळच्या हवेला सागाच्या वाळक्या पानांचा आणि तापू लागलेल्या काळ्या मातीचा वास होता, आणि आई बादली टाकून धावत आली होती. "आवो, हिरीत कुत्रं पडलं! भुकून राह्यलं!"

बाबांनी काठावर पालथं पडून आत पाहिलं. "कुत्रं कायचं व, भेकर हाय ते!"

त्याआधी मी भेकर धड पाहिलं नव्हतं. अर्थात तेवढ्यावरून त्याचं वर्णन करायची मी थांबले नव्हते. बुलढाण्याच्या डोंगराला चिकटलेलं आमचं शेत, त्यामुळे जंगल आपल्याच मालकीचं असल्यासारखं मी शाळेत सांगून ठेवलं होतं, की भेकराला वाघाचे सुळे असतात, चार डोळे असतात, आणि ते भुंकलं की बिबट्याला ताप भरतो. गंमत अशी, की थापेत थोडं खरंही होतं. नराच्या ओठांतून खरोखरच दोन सुळे डोकावतात. डोळ्यांपाशी ग्रंथींच्या अशा खाचा असतात, की दुरून आणखी दोन डोळेच वाटावेत. आणि बिबट्याची चाहूल लागली, की ते भुंकून भुंकून सारं रान जागं करतं. तांबूस, शेळीएवढं, एकटं राहणारं हरीण. कपाळावर काळ्या रेघांचा कोन, शिंगांच्या बुडाशी केसांची मऊ खोळ… तिन्हीसांजेला मोहाखाली येऊन गळलेली फुलं टिपायचं, आणि पानांचासुद्धा आवाज होऊ नये म्हणून पाय उंच उचलून चालायचं. इतकं जपून चालणारं जनावर आमच्या विहिरीत पडलं होतं. रानातले पाणवठे आटले, की तहान कुणालाही कुठल्याही काठावर आणते.

बाबांनी घरातली बाज मागवली, चार पायांना चार दोर बांधले. तोवर गाव गोळा झालं होतं. आणि आमचं गाव म्हणजे… इथे कुणी कुजबुजलं तर जानेफळला भांडण लागायचं! आमच्या घरात तर हळू बोलणाऱ्याला आजारी समजून काढा पाजत.

बाबा सगळ्यांकडे वळले. "कोनी ब्र काढू नका. पान्यानं नाही, भेवानं मरते हे."

"आन खोकला आला त?" शेजारच्या शेतातल्या धोंडूकाकांनी विचारलं.

"गियून टाक."

आणि गाव गप्प झालं. लेकरांच्या तोंडांवर आयांचे तळवे, म्हाताऱ्यांच्या तोंडांत धोतराचे सोगे. खाली ते गोल गोल पोहत होतं, दगडांवर खूर घसरत होते, आणि प्रत्येक भुंकणं आधीच्यापेक्षा उशिरा येत होतं… आता पुढचं येतच नाही, असं दर वेळी वाटायचं. बाज पाण्याला टेकली तसं ते बिचकून दूर गेलं. पुन्हा टेकवली, पुन्हा दूर गेलं. शेवटी त्राण संपल्यावर त्यानं बाजेवर अंग टाकलं. एक खूर सुतळीच्या विणीत अडकला. दोर ओढणाऱ्यांच्या तळहातांची सालं निघाली, पण हूं की चूं नाही.

बाज वर आली. बाबांनी खूर अलगद सोडवला. ओलं, थरथरणारं ते भेकर उभं राहिलं.

ते उभं राहणंच आम्हाला सोसलं नाही. इतका वेळ छातीत कोंडलेला आनंद साऱ्या गावाच्या तोंडून एकदम फुटला. टाळ्या, शिट्ट्या, "निंघालं रे, निंघालं!"

भेकरानं मान वर केली. मग पुढचे पाय दुमडले आणि ते टेकलं, थकलेलं कुणी विसाव्याला टेकावं तसं. बाबांनी त्याच्या बरगडीवर हात ठेवला. बरगडी हलत नव्हती, तरी तो हात पुष्कळ वेळ काढला नाही.

ती बाज अजून आहे. खूर गेला तिथली तुटलेली वीण बाबांनी कधीच सांधली नाही. संध्याकाळी मी डोंगराकडे कान लावून बसते. भुंकणं येतं, पण हल्ली ती कुत्रीच असतात… माझी नात बाजेच्या त्या भोकात बोट घालते.

"आजे, मंग काय झालं?"

"मंग काय! बाजेवरून उडी, धोंडूकाकाच्या टोपीवर पाय, तिथून थेट डोंगर!"

"पयालं?"

"पयालं, माय."

एवढी एकच थाप मी हळू आवाजात सांगते.