फाटकाबाहेरचं बोलणं

आपला नवरा बोलका आहे, ही बातमी मावशींना औषधाच्या दुकानात कळली, तीही लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर.

काकांचा घसा बसला होता, म्हणून त्या चघळायच्या गोळ्या आणायला गेल्या होत्या. दुकानदारानं गोळ्यांची पट्टी पुढे सरकवली आणि हसत म्हणाला, "घसा बसणारच हो! मैदानावर त्यांचं तोंड म्हणून मिटत नाही. भारी बोलका माणूस."

मावशींनी मागे वळून पाहिलं. मागे दुसरं कोणी उभं नव्हतं.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," त्या म्हणाल्या. "आमचे हे छापखान्यात मशीनवर होते. काळ्या कुत्रीवाले."

"तेच ते! शाईचे बाबा. आणि मी बंड्याचा बाबा. रोज सकाळी भेटतो आम्ही."

बंड्या हे दुकानदाराचं थोरलं की धाकटं, याचा विचार करतच मावशी घरी आल्या. ते मुलगा नसून कुत्रा आहे, हे कळायला अजून अवकाश होता.

त्यांचं आश्चर्य खोटं नव्हतं. काका घरात बोलत नसत, म्हणजे अगदीच बोलत नसत. उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात गेली होती आणि तिथली मशिनं एकदा सुरू झाली की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नसे. म्हणून सगळा कारभार हातांनी चालायचा. बोटं चोळली की शाई कमी पडतेय, तळहात पालथा केला की वेग कमी कर, मूठ वर गेली की थांबव. काकांनी ही भाषा कामावरून घरी आणली आणि तीच पुढे घरची झाली. चहा हवा असला की मनगट तिरकं व्हायचं. जेवण आवडलं की मान हलायची, नाही आवडलं तरी तेवढीच हलायची. मावशी घरी पडदे शिवायच्या आणि त्यांची जीभ शिवणयंत्राच्या सुईपेक्षा जोरात चालायची. एवढं बोलणं दगडाशी झालं असतं तर त्यालाही पाझर फुटला असता.

शाई आली ती काका निवृत्त झाले त्या दिवशी. छापखान्याच्या कागदांच्या गोदामात सापडलेलं पिल्लू ते, काळंकुट्ट. मावशींना लहानपणी कुत्रा चावला होता. त्यांनी दारातच सांगितलं, "घरात एक तर ती राहील, नाही तर मी." काकांनी नुसते हात जोडले. त्या जोडलेल्या हातांपुढे मावशींचं काही चाललं नाही.

काकांनी शाईला शिकवलं तेही हातांनीच. तळहात पालथा केला की ती बसायची, बोट वाकवलं की यायची, मूठ दिसली की जागच्या जागी थांबायची. एक अक्षर न बोलता कुत्री अशी ऐकते, हे बघायला रस्त्यातले लोक थबकत. मावशींनी मात्र तिच्यासाठी दोनच शब्द राखून ठेवले होते, ‘हट्’ आणि ‘बाजूला हो’.

मग शाईचे डोळे दुधाळ झाले आणि वर्षभरात विझले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, दृष्टी परत येणार नाही. काकांनी सवयीनं बोट वाकवलं आणि शाई भलतीकडेच तोंड करून उभी राहिली, तेव्हा मावशी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. नवऱ्याचं ते वाकलेलं बोट तसंच हवेत राहिलेलं त्यांनी पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. बघवलं नाही त्यांना. घरात शाई नाकानं वाट काढायची, पण फाटकाबाहेर पाऊल टाकायला घाबरायची.

सत्तरी जवळ आल्यावर माणूस चष्म्याचा नंबर बदलतो, फार तर डॉक्टर बदलतो. काकांनी स्वभाव बदलला. ते बोलायला लागले. शाई ज्या आवाजामागून येईल तो आवाज सतत चालू ठेवायचा म्हणजे काही ना काही बोलत राहणं आलं. सकाळ-संध्याकाळ, जाताना, येताना, न थकता. हा माणूस मला फार मोठा वाटतो. कुणाला आयुष्य काढून जमत नाही ते त्यानं एका कुत्रीसाठी केलं. एवढंच की तोंड उघडायचं ते फाटकाबाहेर पडल्यावर. इतकी वर्षं गप्प बसल्यावर बायकोदेखत कुत्रीशी बोलायची लाज वाटत होती, दुसरं काय!

गोळ्यांनी घसा मोकळा झाला नाही तेव्हा मावशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि विचारलं, "शिक्षक होता का? की भाषणं करता?"

"हे?" मावशींना हसू आवरेना. "अहो डॉक्टर, लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा यांनी नुसती मान हलवली होती."

आवाज फार वापरून घशात गाठी आल्या होत्या. छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर पंधरवडाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाही तर आवाज कायमचा जाईल, अशी डॉक्टरांनी तंबी दिली.

मावशी म्हणाल्या, "त्यात काय, यांना सवय आहे." पण ती सवय शाईची मोडली होती. दुसऱ्या दिवशी काका पट्टा घेऊन निघाले. जिना उतरले, फाटकापाशी आले आणि शाई जी बसली ती उठेचना. काकांनी टाळी वाजवली, पट्टा हलकेच ओढला, पाठीवरून हात फिरवला. ती कान टवकारून आवाजाची वाट पाहत राहिली. शेवटी घरी परत आली आणि तिनं गॅलरीत घाण केली. आयुष्यात कधी केली नव्हती. मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि संध्याकाळी जेवली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

काकांनी मावशींकडे पाहिलं. आधी त्यांच्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग शाईकडे.

"मी? मी काय बोलू कुत्रीशी?"

काकांनी हात उडवले. काहीही बोल.

मावशी फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल. चल गं, ऊठ." त्यांचा आवाज ऐकताच शाईनं कान पाडले आणि ती अंग चोरून मागे सरकली. या आवाजात तिनं जन्मभर ‘हट्’च ऐकलं होतं. ती बाजूला झाली होती, सांगितल्यासारखी.

ते मावशींच्या जिव्हारी लागलं. कुत्री उपाशी, नवरा मुका, आणि आपल्या आवाजाला घाबरून एक जीव भिंतीला चिकटतो म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा दुखत असतानाही त्या एकट्याच मैदानावर गेल्या.

कट्ट्यावर औषधवाले बसले होते, पायाशी ढेरपोट्या बंड्या. शेजारी रात्रपाळी करून आलेली एक नर्स होती आणि तिच्या मांडीवर पट्टा बांधलेली मांजर.

"काल परत चप्पल खाल्ली यानं," औषधवाले सांगत होते. "डावीच. उजवीला तोंड लावत नाही."

"मग उजव्या साठवून ठेवा, कधीतरी दुकान काढाल," नर्स म्हणाली. "आमची चिंगी माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवरच झोपते. पेशंट विचारतात, सिस्टर, घरी मांजर आहे का?"

"लिफ्ट झाली का सुरू तुमची?"

"कुठली! पाच मजले उचलून न्यायचं हिला. महाराणी जिना चढत नाहीत."

तेवढ्यात औषधवाल्यांना मावशी दिसल्या. "अरे, या या! शाईची आई आल्या बघा."

"मी कुणाची आई-बिई नाही," मावशी म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, आमचे हे त्या कुत्रीशी बोलतात तरी काय? माझ्या आवाजानं ती हलत नाही. काय बोलल्यावर हलते?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय म्हणजे..." नर्स म्हणाली, "तुमच्याबद्दलच की."

"माझ्याबद्दल?"

"‘ऐकलंस का शाई, पुढे पायरी आहे.’ अशी सुरुवात. मग, ‘हिचा गुडघा दुखतोय. मला सांगत नाही, पण काल कठडा धरून चढली. ऐकलंस का, डावीकडे ये, खड्डा आहे. पडद्याच्या चुण्या बघायला हव्या होत्यास तू हिच्या. खडूची खूण नाही, काही नाही, आणि सगळ्या सरळ. आमच्या मशीनलासुद्धा असं जमलं नाही कधी.’"

"आणि ते दुधाचं," औषधवाल्यांनी आठवण केली.

"हो! ‘उरलंय म्हणून तुला देते ना, उरत-बिरत काही नाही, मुद्दाम जास्त घेते. लहानपणी कुत्रा चावलाय तिला, म्हणून हात लावत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.’ आम्हाला पाठ झालंय हो सगळं."

मावशी कट्ट्यावर बसल्या. आधी त्यांना राग आला. घरातलं सगळं गावभर! मग दुसरा राग आला, तो जास्त मोठा होता. "चुण्या सरळ आहेत, एवढं मला सांगायला काय झालं होतं यांना?" त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बंड्यानं येऊन त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली. मावशी घाबरल्या, पण त्यांनी पाय मागे घेतला नाही.

पुढच्या सकाळी पट्टा काकांच्या हातात होता आणि मावशी दोन पावलं पुढे फाटकाबाहेर उभ्या होत्या.

"ऐकलंस का, शाई."

एक कान उभा राहिला.

"हट् म्हणायची सवय आहे मला, पण आज नाही म्हणणार. पुढे उतार आहे. आता सांगते, तुझे हे बाबा कसे आहेत ते. माझा एवढासा गुडघा दुखला तर जगाला सांगतील, मला नाही विचारणार. ऐकलंस का, उजवीकडे ये, सायकल आहे. नव्या साडीत समोर जाऊन उभी राहिले की मान हलवतात. चिंधी नेसून गेले तरी तेवढीच हलवतील. चल, पायरी उतर."

शाईनं एक पाय उचलला, पुढे टाकला, मग दुसरा. मावशी बोलायच्या थांबल्या नाहीत, कारण त्या थांबल्या की शाईही थांबत होती.

पंधरवडा संपेपर्यंत हे चाललं. चाळीस वर्षांची गाऱ्हाणी होती, पुरून उरली. मावशी पुढे, पाठमोऱ्या, म्हणजे काकांना हातानंही उत्तर देता येईना. ते ऐकत चालायचे. कधी मान खाली जायची, कधी खांदे हसून हलायचे. कट्ट्यावर पोचेपर्यंत शाईची शेपटी हलू लागलेली असायची. औषधवाले विचारायचे, "काय शाईची आई, आज कशावरून?" आणि मावशी ‘मी कुणाची आई नाही’ म्हणेनाशा झाल्या होत्या.

मग डॉक्टरांनी परवानगी दिली. "पण बेतानं. सुरुवातीला दिवसाला चार वाक्यं पुरेत."

"चारही शाईलाच जाणार," मावशी वाटेत हसत म्हणाल्या. वाईट वाटायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तरी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिवणयंत्रावर होत्या. शाई त्यांच्या पायाशी पडलेली. काका पट्टा घेऊन खोलीच्या दारात आले, खाकरले.

"ऐकलंस का?"

आवाज फाटका होता, पण त्यांचाच होता. शाई धडपडत उठली. मावशींनी मान वर न करता पायानं यंत्र चालूच ठेवलं. "जा गं," त्या म्हणाल्या, "बोलावतायत तुला."

"तिला नाही, तुला म्हणतोय."

यंत्र थांबलं. काकांनी यंत्रावरून खाली लोंबणारा पडदा हातात घेतला, चुण्यांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवणार होते, पण हलवली नाही.

"चुण्या फार सरळ येतात तुझ्या."

मावशींनी पदरानं डोळे टिपले. "तीन झाली," त्या म्हणाल्या. "आता गप्प बसा. चौथं शाईला लागेल, फाटकाशी."