मोठ्या सिस्टरांचा तक्ता

मोठ्या सिस्टर लिहिताना पेशंटकडे कधी पाठ करत नसत. नांदेडच्या आमच्या दवाखान्यातल्या आयसीयूत लिहायचं टेबल भिंतीला लागून होतं. तिथं बसलं की सगळ्या खाटा पाठीमागे जात. म्हणून सिस्टर पॅड हातावर धरून पेशंटच्या पायथ्याशी उभ्यानंच लिहीत. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणत, "राहू द्या. कागदाला ताप येत न्हाई, पेशंटला येतो."

त्या कंधारकडच्या शेतकरी घरातल्या. आयसीयूच्या प्रमुख नर्स, म्हणून सगळ्यांच्या 'मोठ्या सिस्टर'. मी तिथं डॉक्टर म्हणून नवा लागलो होतो. व्हेंटिलेटर मला पुस्तकातून कळला होता. त्यावरचा माणूस घाबरलाय की त्याला दुखतंय, हे ओळखायला त्यांनी शिकवलं. नळीमुळे बोलता न येणाऱ्यांना त्या बोटांनी हो-नाही सांगायला लावत. एकेकाजवळ बराच वेळ थांबावं लागे, आणि वेळ तर कागदांत जाई.

एका दुपारी व्हेंटिलेटरवरचे एक आजोबा खाटेच्या दांडीवर हात आपटत होते. शेजारी सविता नावाची नर्स खाली मान घालून फॉर्म भरत होती. बिलोलीची, दोन लेकरांची आई, कंत्राटावर लागलेली. तिनं मान वर केली तोवर आजोबांची नळी निम्मी बाहेर आली होती. मी धावत जाऊन दुसरी घातली. आजोबा वाचले. सविता रडायला लागली.

मोठ्या सिस्टर तिला रागावल्या नाहीत. त्यांनी रिकाम्या खाटेवर सगळे फॉर्म पसरले आणि मला हाक मारली. "बघा साहेब, एकच बीपी चार ठिकाणी लिहून राहिलो आपण. मग पेशंट कवा बघायचा?"

पुढचे काही दिवस ड्यूटी संपल्यावर त्या पट्टी-पेन्सिल घेऊन बसत. चार फॉर्मांचा त्यांनी एक तक्ता केला, दोन्ही बाजूंनी भरायचा. कुठल्या रकान्यात काय, हे त्यांनी प्रत्येक नर्सला विचारून ठरवलं. मी तो कॉम्प्युटरवर टाईप करून दिला. माझा वाटा एवढाच.

कागदांचे गठ्ठे कमी झाले, तशी वरून बैठक लागली. बोलायला मला उभं केलं. माझं झाल्यावर संचालक म्हणाले, "डॉक्टर, तुमची कल्पना उत्तम आहे." सिस्टर मागच्या रांगेत होत्या. मी "थँक्यू, सर" म्हणालो. मग संचालकांनी विचारलं, याने वेळ किती वाचतो? अंगात वारं शिरलेलं होतं. मी म्हणालो, "प्रत्येक पाळीत एका नर्सचं काम वाचतं, सर."

पुढच्याच महिन्यात प्रत्येक पाळीतली एक नर्स कमी झाली. सगळ्यात आधी सविता.

सिस्टर माझ्या केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत. "तो वेळ मी पेशंटसाठी काढला होता, साहेब. तुम्ही तो वर देऊन टाकला."

"मी बोलतो संचालकांशी," मी म्हणालो.

बोललो नाही. आमच्याच संस्थेच्या लातूरच्या आयसीयूचा प्रमुख म्हणून तेव्हा माझं नाव चाललं होतं. सिस्टर मात्र एकट्याच वर जाऊन भांडून आल्या, एकदा नव्हे, तीनदा. त्यांना ओपीडीत टाकलं. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि कंधारला गेल्या. निरोपाला मी लातूरहून जाऊ शकलो असतो.

लातूरला आजही तोच तक्ता आहे. परवा शिरूर अनंतपाळहून आलेल्या एका नव्या नर्सनं विचारलं, "सर, हे लई सोपं हाय. कुणी केलं?" मी पहिल्यांदा खरं सांगितलं, सगळ्या स्टाफसमोर. आणि त्याच दुपारी कंधारला फोन लावला.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं केलंत. नावाचं राहू द्या. सविताला परत लावलं का तुम्ही?"

"नाही."

"हाव का," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईचे गुडघे कसे हायत आता?"

मी गुडघ्यांचं सांगत बसलो, चांगली पाच मिनिटं. सविताला इथं कामावर घ्यायचं तर तिचा नंबर लागला असता, आणि तो त्यांच्याकडे नक्की असणार. तो मागायचा राहून गेला, असं मी बायकोला सांगितलं. राहून गेला नव्हता. मी मागितला नाही.