शेरवानीच्या खिशातला कांदा

कांदा चिरला, की मला सिल्लोडमधलं बहिणीचं लग्न आठवतं. निकाह लागला, खजूर वाटले आणि नवरदेव फिट येऊन गादीवरच कोसळला. आम्ही पाण्यासाठी धावलो, तोवर त्याच्या चुलत्यानं स्वतःच्या शेरवानीच्या खिशातून फोडलेला कांदा काढून त्याच्या नाकाला लावला. "पोराला साधी शिंक येत नाय," असं सांगून स्थळ आणणारा हाच माणूस. वर मलाच म्हणाला, "दोन घरं जोडायला खोटं जायज असतं." काझीसाहेब रजिस्टर मिटत म्हणाले, "भांडलेली जोडायला असतं. आजार लपवून निकाह लावायला नाय." आतल्या खोलीत बहीण एवढंच म्हणाली, "सांगितलं असतं, तरी मी कबूल म्हणाले असते." तो चुलता आजही स्थळं जुळवतो. सलामाला जवाब देणं दीनानं, म्हणजे धर्मानं, भाग पाडलंय, म्हणून त्याच्या सलामाला मी तेवढा देतो. त्याच्या तोंडाकडं बघायचं कुठं लिहिलेलं नाय.