ठकूआत्याची मुक्कामी गाडी

भावाचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "अक्का, ठकूआत्या गेली. झोपेतच गेली, त्रास काही न्हाई झाला," तो म्हणाला आणि जरा घुटमळला. "आन् ऐक... दहाव्याला कुणी मोटारी काढायच्या न्हाईत, असं सांगून ठेवलंय तिनं. समद्यांनी यष्टीनं यायचं. गाडी मोकळी आली तर उठून बसंन, म्हणाली." मी रडता रडता हसले. नव्वदीला टेकलेली बाई, जाताना कुणाचा जीव शेतात अडकतो, कुणाचा पाटल्यांत; हिचा अडकला होता यष्टीत!

आमचं गाव तिसगावच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत, माळावर. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आली ती कायमची, आणि मग आमच्या घरात तिच्यापुढं कुणाचं काही चाललं नाही. बहात्तरच्या दुष्काळात फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता झाला, त्यावर तिनं खडी फोडली होती. तेवढ्यावर तो रस्ता आपल्या मालकीचा झाला अशी तिची पक्की समजूत. कुणी बैलगाडी जरा वाकडी घातली की दारातून ओरडायची, "आरं मुडद्या, खडी उखडतीय माझी!" त्या रस्त्यानं पुढच्या साली मुक्कामी गाडी सुरू झाली. संध्याकाळी यायची, रात्रभर देवळापुढं उभी राहायची आणि पहाटे तिसगावला निघायची. माझं सगळं नशीब त्या गाडीत बसलं होतं. गावातली शाळा सातवीपर्यंतच, पुढचं हायस्कूल तिसगावला. वडिलांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "गाडी हाय तवर शाळा. गाडी बंद झाली की पाव्हणं बघायचं."

मग आत्यानं ती गाडी दुभत्या म्हशीसारखी जपली. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण आमच्याकडं. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, आणि सकाळी अंघोळीला कढत पाणी. शेजारच्या गावात मुक्काम केला तर अंथरुणात विंचू निघतात, हेही ती त्यांना वाढता वाढता ऐकवायची. आणि गंमत अशी की ही बाई स्वतः त्या गाडीत कधी चढली नव्हती. तिला गाडी लागायची. बसणं सोडा, लांबून धुराचा वास आला तरी पदर तोंडाला. मला काही तसलं होत नसे, पण रोज पहाटे ती माझ्या मुठीत एक लिंबू कोंबायचीच. "आगं, मला न्हाई लागत गाडी!" "लागंल. धर."

दिवाळी झाली आणि अर्धं गाव ऊसतोडीला गेलं. गाडीत राहिलो आम्ही तिघं: ड्रायव्हर, कंडक्टर आणि मी. एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता कंडक्टर म्हणाला, "आत्याबाई, परवा पहाटं डेपोचं साहेब येत्यात. गाडी मोकळी दिसली तर मुक्काम बंद." आत्याचा हात परातीतच थांबला. दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. गावात उरलेले म्हणजे म्हातारेकोतारे आणि लेकुरवाळ्या. शिरपतनानांनी विचारलं, "यष्टीत बसायचं, पर जायचं कुठं?" आत्या म्हणाली, "कुठं न्हाई. नुसतं बसायचं." तिला नाही म्हणायची छाती कुणाची? ठरल्या पहाटे झाडून सगळे हजर. नानांनी तर लग्नातला फेटा बांधला होता. शेवटी आत्याही नाकाला लिंबू लावून, डोळे मिटून चढली.

बेत झकास होता. फक्त उतरायचं कुठं, हे आत्या सांगायची विसरली होती. आता काम नसताना लांबचं तिकीट कोण काढतोय? कंडक्टर टिकटिक करत पुढं सरकला आणि एकेक जण म्हणत गेला, "फाटा." "मला बी फाटा." "आमी दोघी, फाटा." पुढच्या बाकावर बसलेल्या साहेबांची मान दर वेळी मागं वळायची. फाट्यावर अख्खी गाडी खाली उतरली. तिथं होतं काय? एक बाभळ आणि तिच्या बुडाशी एक धोंडा. साहेब दारात येऊन म्हणाले, "अहो, इथं उतरून तुम्ही सगळे करता तरी काय?" नाना आभाळात काहीतरी शोधायला लागले. मला मात्र ओसरीवर बसलेले पाहुणे दिसायला लागले... पोह्यांच्या बशा, आणि "मुलीला भाकरी येते का?"

आत्याला गाडी लागलीच होती. ती कशीबशी त्या धोंड्यापाशी गेली, मटकन खाली बसली, हातातलं लिंबू त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "म्हसोबा हाय, साहेब. लई कडक. यावं लागतं."

नानांनी तिथल्या तिथं लोटांगण घातलं, फेट्यासकट. बायकांनी पोरांची डोकी धोंड्यावर टेकवली. कालपर्यंत त्याच धोंड्यावर शेळ्या अंग घासत होत्या! साहेबांनी बूट काढले, खाली उतरले, हात जोडले आणि हळूच आत्याला विचारलं, "बदलीचं ऐकतो का हो?"

"कुठली पायजे?"

"पुण्याची."

"ऐकतो. पर गाडी बंद केलेली त्याला खपत न्हाई."

गाडी बंद झाली नाही. पुढं साहेबांना पुणं मिळालं आणि ते नारळ घेऊन येऊन गेले. मग काय विचारता! फाट्यावर गाडी थांबते म्हणून चहाची टपरी आली, टपरीच्या आधारानं पंक्चरवाला आला, कांद्याच्या गोण्या भरायला टेम्पो तिथंच लागायला लागले. सरकारी दवाखाना मंजूर झाला तोही फाट्यावर, आणि अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून धक्के खात न्यायचं संपलं. माझ्यामागून गावातल्या पोरी हायस्कुलात गेल्या. मी शिकून मास्तरीण झाले. त्या म्हसोबाला लिंबू वाहिलं की गाडी लागत नाही, असं आता लांबलांबचे लोक सांगतात. आत्याला मात्र शेवटपर्यंत लागत होती.

एकदा मी तिला चिडवलं, "आत्या, देव तूच केलास की गं!" तर ती खवळलीच. "मी कशाला करीन? मी नुसतं हाय म्हनलं. राहायला त्यो आला. तू शाळंत पोचलीस का न्हाई? मंग!"

दहाव्याला आम्ही सगळे पाथर्डीहून यष्टीत बसलो. भाचे, सुना, नातवंडं, मोटारी मागं ठेवून कुरकुरत आलेली. गाडी म्हसोबा फाट्यावर थांबली, गावाकडं वळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गाडी लागली. सवयीनं मूठ उघडली... लिंबू नव्हतं. कंडक्टर कोवळा पोरगा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, खिशात हात घातला आणि माझ्या मुठीत एक लिंबू कोंबलं. "म्हसोबाचं हाय, आजी. नाकाला धरा." मी ते नाकाला धरलं आणि गाव येईपर्यंत लहान पोरीसारखी रडले.

भाऊ देवळापाशी उभा होता. पुढं आला, माझी पिशवी घेतली आणि आधी तेच विचारलं, "गाडी भरली हुती का गं?"

"उभं राहायला जागा नव्हती," मी म्हणाले.