तीन अख्ख्या स्ट्रिप

मंदामावशींनी फाइल काढायला पिशवी उलटी केली आणि टेबलावर गोळ्यांच्या तीन स्ट्रिप पडल्या. अख्ख्या. एकही गोळी फोडलेली नाही.

"मावशी, आत्ताच तर म्हणालात, रोज घेते!"

"घेते की."

"मग या कुणाच्या? शेजारणीच्या?"

त्या खाली बघायला लागल्या. माझा पारा चढला. नाशिकच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात मी बावीस वर्षं सिस्टर आहे. डॉक्टर तपासतात, औषध लिहितात. ते समजावून सांगायचं काम माझं. आवाज मोठा, असं घरचेही म्हणतात. त्या दिवशी तो अख्ख्या ओपीडीने ऐकला.

मंदामावशी मखमलाबादच्या बाजूच्या. टोमॅटो आणि झेंडू, दोन्ही घरचं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस परत आले. आता हार्मोनची गोळी चालू होती. काही गाठी शरीरातल्याच इस्ट्रोजेन नावाच्या हार्मोनवर पोसतात. पाळी गेल्यावरही ते थोडं तयार होत राहतं. ही गोळी ते तयार होऊ देत नाही. रोज एक, निदान पाच वर्षं. दिसायला एवढीशी, पण सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात, झोप उडते.

"कधीपासून बंद?"

"पोळ्यापासून."

दसरा आठ दिवसांवर होता. म्हणजे महिना उलटून गेला होता.

"अहो पण का?"

मावशींनी उजवा हात पुढे केला. "मूठ वळंना, सिस्टर. सकाळी तर बोटं काठीवानी. टमाट्याचा तोडा चालू, आता झेंडू तोडायचा. तोडा आला की आम्ही फवारा बंदच ठेवतो. माल निघाला की परत मारायचा. तसंच केलं म्या. दसरा झाला की घेनार होते, देवाशपथ."

तोडणीच्या आधी फवारणी थांबवायची असते, हे त्यांना चांगलं ठाऊक. शेतात जे बरोबर, तेच त्यांनी अंगाला लावलं होतं.

"मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं व्हतं की. तुमीच म्हनल्या, व्हतं तसं, कोमट पान्यात हात बुडवा."

मी फाइल उघडली. मागच्या तारखेपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नो कम्प्लेंट'. त्या दिवशी बाहेर रांग होती आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. मला स्वतःची लाज वाटली. खरंच वाटली.

मी खुर्ची जवळ ओढली. मावशींनी हळूच विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. पाच वर्सं गिळली, तर परत येनार नाय ना?"

या प्रश्नावर मी एरवी 'काही होत नाही मावशी' म्हणून मोकळी होते. त्या दिवशी जीभ वळली नाही. "तसं नाही सांगता येत. धोका कमी होतो. पण शून्य होत नाही."

त्यांनी स्ट्रिप उचलून परत पिशवीत टाकल्या. मला वाटलं, झालं, आता ही बाई गोळीला हात लावत नाही.

"मंजी टमाट्यावानीच हाय," त्या म्हणाल्या. "समदं फवारून बी गारपीट यायची ती येती. म्हनून कुनी फवारायचं सोडत नाय."

मी त्यांना परत डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडमनी बोटं दाबून बघितली, रक्ताची आणि हाडांची तपासणी लिहिली. "ही गोळी बदलू. त्याच कामाची दुसरी आहे. काहींना ती सोसते. आजपासून सुरू करा."

"दसरा होऊ द्या ना मॅडम. आठ दिस."

मॅडमनी थोडा विचार केला. "ठीक आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू, आणि तोपर्यंत गोळी बंद, असं मी फाइलवर लिहितेय. तुम्ही मनाने बंद केलीत ती चूक होती. पुन्हा असं वाटलं तर आधी सिस्टरांना फोन."

नव्या गोळीने बोटं काही लोण्यासारखी झाली नाहीत. पण मूठ वळते. सकाळचा पहिला तोडा आता सून करते, मावशी ऊन आल्यावर शेतात उतरतात. तिसरं वर्ष चालू आहे. तपासण्या आजवर चांगल्या आल्या. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या दिवशी त्यांना जेवण जात नाही, आणि त्यावर माझ्याकडे गोळी नाही.

'गोळ्या घेता ना?' असं मी आता कुणालाच विचारत नाही. त्याला सगळ्यांचं उत्तर 'हो' असतं. मी विचारते, 'किती उरल्या?' आणि मूठ करून दाखवायला सांगते.

परवा मावशींनी आपण होऊन स्ट्रिप समोर ठेवली. "दोन उरल्यात. लग्नघरी गेलते, इसरले. आता वरडा."

मी ओरडले नाही. फाइलवर लिहिलं, 'दोन उरल्या'. 'नो कम्प्लेंट' लिहिण्याआधी त्यांची मूठ बघितली.

अंगठा अजून जरा बाहेरच राहतो. तेही लिहिलं.