सत्काराच्या रांगेतला पेशंट

डॉ. सूर्यभान चर्जन आमदारकीला घाबरून पळाले, असं आमच्या चांदूर बाजारात चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

डॉक्टरांची रीत तालुक्याला ठाऊक होती. पेशंट दारात दिसला की म्हणत, बोलू नको, आधी टेबलावर झोप. नाडी पाहून, पोट दाबून मग विचारपूस. आमच्या माणसांना दुखणं सांगायचीही लाज, म्हणून ही रीत. त्याच हातांच्या पुण्याईवर ते पोटनिवडणुकीत निवडून आले, आणि आम्ही ते हातच कामातून घालवले. तपासायच्या टेबलावर शाली-नारळांचा ढीग लागला. बदलीची शिफारस मागणारे पुढे, पेशंट बाहेर उन्हात.

भाजी-फुलं पिकवणारा सहदेव त्यांचा जुना पेशंट. एका सकाळी त्याच्या छातीत कळा येऊ लागल्या, तेव्हा बायको पार्बताबाई त्याला घेऊन निघाल्या. पण आमदाराच्या दारी रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून या भल्या माणसानं, कळा सोसत, आधी शेतातल्या झेंडूचा हार ओवला. हार पाहून कार्यकर्त्यांनी त्याला सत्काराच्या रांगेत ढकललं, पार्बताबाईंना बाहेरच थांबवलं. त्यानं हार घातला, फोटो निघाला, डॉक्टरांनी हात जोडले आणि पुढचा माणूस आला. दुपारी अमरावतीला नेताना सहदेव वाटेतच गेला.

कार्यकर्त्यांची अक्कल अशी की त्याच फोटोचं बॅनर चौकात लावलं. घामानं डबडबलेला चेहरा, छातीवर दाबलेला हात. सगळ्यांना तो नमस्कार वाटला. डॉक्टरांनी एकदा पाहिलं, बॅनर स्वतः खाली ओढलं आणि सहदेवचं घर गाठलं.

पार्बताबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी डाक्टर असते तं त्यायनं सांगतलं असतं. आमदाराले छातीतलं दुखनं कोन सांगते?"

पुढच्या निवडणुकीला पक्ष तिकीट घेऊन घरी आला, तरी डॉक्टरांनी अर्ज भरला नाही. आता ते पुन्हा पेशंट तपासतात, आणि आमचे शहाणे लोक अजूनही आमदारसाहेब म्हणत हार घेऊनच येतात. यांना काय म्हणावं ते मला कळत नाही.

पार्बताबाई मात्र बीपी दाखवायला अमरावतीला जातात.